वेळेवर निजणारी झाडं

खिडकीबाहेर उणे ३६ आहे. वारा पडलाय. समोरच्या धुराड्यातला धूर काठीसारखा सरळ वर उभा आहे. चंद्राला पडतं तसं खळं आज सूर्याला पडलंय, पण त्याचे दोनच तुकडे दिसतात, एक डाव्या अंगाला आणि एक उजव्या. सूर्याने धाकट्या भावंडांना हाताशी धरून फिरायला आणावं तसं. आणि कुंपणाशी, गुडघाभर बर्फातून वर आलेल्या लालसर काठ्या. गुलाबाच्या. पान नाही, कळी नाही, अंगावर गोणपाटाचा तुकडासुद्धा नाही.

नखाने साल जराशी खरवडली तर आत हिरवा पापुद्रा सापडेल, हे मला ठाऊक आहे. मी खरवडत नाही. गाभाऱ्यात देव निजला की पुजारी दार लोटून घेतो. फटीतून डोकावून बघत नाही.

मी परभणी जिल्ह्यातली. थंडी म्हणजे पहाटेची शेकोटी, हुरडा आणि कानाला बांधलेला मफलर, एवढीच ओळख. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो यायचा आणि आम्ही तो बघून अंगावर शाल ओढायचो. तिथून मी आले कॅनडातल्या विनिपेगला, जिथे १८७९च्या डिसेंबरात पारा उणे ४७.८ला टेकल्याची नोंद आहे. इथे घर घेतलं तेव्हा आधी काय केलं असेल, तर गुलाब लावला. दुकानातून आणलेला पिवळा हायब्रिड टी. एका दांड्यावर एक फूल, लग्नाच्या पत्रिकेवर छापावं असं देखणं.

जून-जुलैत तो असा फुलला, की मी घरी फोनवर दुसरं काही बोलतच नव्हते. ऑगस्ट आला, मी खत घातलं. सप्टेंबर आला, परत घातलं. वाळलेली फुलं खुडत गेले, म्हणजे नवी येतील. मनात एकच, दसऱ्याला घरचं फूल हवं. झाडाने माझं ऐकलंही. पहिलं कडक दंव पडलं त्या रात्री त्याच्यावर कोवळे लाल धुमारे होते आणि चार कळ्या. सकाळी कळ्या उकडलेल्या भाजीसारख्या माना टाकून पडल्या होत्या.

पुढच्या मेमध्ये काठ्या काळ्या ठिक्कर. पण जमिनीतून फुटवे येताना दिसले आणि मी हरखले. जून संपता संपता लक्षात आलं, पान वेगळं आहे. माझ्या गुलाबाच्या पानाला पाच पर्णिका होत्या, याला सात. डोळा मेला होता, खुंट जगला होता. आपल्याकडे गुलाबाला डोळा भरताना मी लहानपणापासून बघितलेलं, तरी हे कळायला महिना लागला.

कुंपणापलीकडच्या आजी युक्रेनी वंशाच्या. त्यांची नातवंडं त्यांना 'बाबा' म्हणतात. युक्रेनीत आजीला बाबाच म्हणतात, आणि सुरुवातीला कितीतरी महिने मला हसू आवरायचं नाही. त्यांनी फावड्याला टेकून माझं ते सात पर्णिकांचं झाड बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू त्याला झोपूच दिलं नाहीस."

झाड उपटायला खणलं तेव्हा माती हाताला आली. काळी, चिकट, ओली असली की बुटाला गोळे धरणारी आणि वाळली की भेगाळणारी. इथले लोक तिला 'गम्बो' म्हणतात. मी ढेकूळ हातात घेऊन बसून राहिले, कारण ही आमचीच माती होती. मृदाशास्त्रात दोन्ही एकाच कुळात, व्हर्टिसॉलमध्ये मोडतात, हे पुढे वाचलं. आमची दख्खनच्या लाव्हातून झिजत आलेली, आणि ही अ‍ॅगॅसिझ नावाच्या हिमयुगातल्या सरोवराच्या तळाशी साचलेली. आजची पाचही ग्रेट लेक्स एकत्र केली तरी भरणार नाहीत असं ते सरोवर होतं. एक आगीची लेक, एक बर्फाची, आणि बोटांना दोन्ही सारख्याच लागतात. बहुतेक म्हणूनच मी फसले. माती माहेरची वाटली, तर झाडंही माहेरच्या रीतीने वागतील असं धरून चालले. आभाळ कुणाचं आहे ते विचारायचं राहून गेलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मी वाचत सुटले. थंडीत झाड मरतं म्हणजे नेमकं काय होतं? पेशीच्या आत बर्फ झाला की त्याचे स्फटिक पेशी फाडून टाकतात, आणि तिथे संपलं. काटक झाड हा बर्फ आत होऊच देत नाही. ऑगस्टमध्ये, आपण अजून बिनबाह्यांचे कपडे घालून हिंडत असतो तेव्हाच, त्याच्या पानांना रात्र लांबल्याचं कळतं. वाढ थांबते, शेंड्याची कळी मिटते. ही पहिली पायरी. मग हलकी दंवं पडायला लागली की दुसरी सुरू होते. पेशी आपल्यातलं पाणी हळूहळू बाहेर, पेशींच्या मधल्या रिकाम्या जागेत सोडून देते. बर्फ व्हायचा तो तिथे होतो. आत उरतो साखरेचा दाट पाक, आणि त्यात आक्रसून बसलेला जीव. कित्येक पानगळी वृक्षांच्या लाकडात तर पाणी उणे ४०च्या आसपासपर्यंत न गोठता तसंच राहतं. उणे ४०ला सेल्सियस आणि फॅरनहाइट हे दोन्ही आकडे एक होतात. तिथे माणसांचे वाद मिटतात आणि पुष्कळ झाडांची हद्दही संपते.

सगळ्यांची नाही. इथल्या ओढ्याकाठी लाल फांद्यांचं एक झुडूप असतं, रेड ओझिअर डॉगवुड. पुरतं निजलेलं असताना ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये, म्हणजे उणे १९६ अंशांत, बुडवून बाहेर काढलं तरी जगतं. पृथ्वीवर कुठेच एवढी थंडी पडत नाही. मग ही ताकद त्याला कशासाठी दिली असेल, असा प्रश्न मला पडतो. उत्तर शोधायला मी जात नाही, नमस्कार करते.

याच डॉगवुडवर १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात एक प्रयोग झाला. वेगवेगळ्या हवामानांतली डॉगवुडची रोपं आणून एकाच जागी लावली. त्यांत सिअ‍ॅटलचंही होतं, समुद्राकाठच्या सौम्य हवेतलं. ते तिथल्या थंडीत टिकेना. दुबळं होतं म्हणाल, तर नाही. भर हिवाळ्यापर्यंत तगवलं, तर तेही मिनेसोटाच्या डॉगवुडइतकीच थंडी सोसू शकत होतं. फक्त तयारीला उशिरा लागायचं. सिअ‍ॅटलमध्ये थंडी सावकाश येते, तेच त्याच्या रक्तात होतं. मिनेसोटाचं दंव त्याला जागेपणी गाठायचं.

हे वाचलं आणि माझ्या पिवळ्या गुलाबाचं मरण मला उलगडलं. तो मुळात कमजोर होता, हे खरंच. पण त्याला उठवून बसवलं होतं मी.

आता मी झाड घ्यायला जाते तेव्हा आधी विचारते, आलंय कुठून? त्याच जातीचं रोप दक्षिणेतल्या बियांपासून केलेलं असेल तर त्याला इथली रात्र वाचता येत नाही. कुठलं झाड कुठे तगेल ते सांगणारा, अमेरिकेच्या कृषी खात्याने १९६०मध्ये काढलेला नकाशा एकच गोष्ट विचारतो, तुमच्याकडे थंडी किती खाली जाते? कॅनडाचा १९६७चा नकाशा सात गोष्टी विचारतो. किमान तापमान आहेच, शिवाय दंव न पडणारे दिवस, पाऊस, उन्हाळ्याची ऊब, बर्फाची जाडी, वारा वगैरे. मला हा दुसरा नकाशा जास्त शहाणा वाटतो. मुलगा गोरा आहे का एवढ्यावर कुणी लग्न ठरवत नाही, पत्रिका बघतात, घराणं बघतात. विनिपेगच्या बाबतीत तर उन्हाळाही विचारायलाच हवा. दंवाशिवायचे दिवस जेमतेम चार महिन्यांचे, पण जूनमध्ये सूर्य सोळा तासांहून जास्त वर असतो. थोडक्या दिवसांत भरपूर उजेड पिऊन घेणारं आणि वेळेवर पांघरूण ओढणारं झाड हवं.

अशी झाडं इथे काही निसर्गानेच ठेवली आहेत. सस्कटूनच्या झुडपाची जांभळी फळं क्री, अनिशिनाबे आणि मेटी हे इथले मूळ लोक आमच्या कितीतरी आधीपासून वेचत आले आहेत. त्या झुडपाला कुणी काटक 'केलं' नाही. पण गुलाबाचं तसं नव्हतं. रानगुलाब थंडीला भीत नाही, पण वर्षात एकदा, पाच पाकळ्यांचा फुलून मोकळा होतो. बागेतला गुलाब भरदार, पुन्हा पुन्हा फुलणारा, आणि इथे पहिल्याच हिवाळ्यात मरणारा. या दोघांचं जमवून देण्यात काही माणसांनी आयुष्य घातलं, आणि आज माझ्या कुंपणाशी उभा आहे तो त्यांचाच प्रसाद.

ज्यॉर्ज ब्यून्ये फ्रान्सहून १९०५ साली कॅनडात आले आणि अल्बर्टात जंगल तोडून शेती करायला लागले. ते लेखकही होते. १९३५ साली त्यांची एक फ्रेंच कादंबरी आली. तीत फ्रान्सहून आलेलं एक तरुण जोडपं अरण्याशी झुंजतं आणि हरतं. मला नवल याचं वाटतं, की कागदावर माणसाला हरवणारा हा गृहस्थ बागेत मात्र अरण्याशी सोयरीक जुळवत होता. अल्बर्टाचा रानगुलाब, कामचाटकाचा रानगुलाब, आशियाच्या ईशान्य किनाऱ्यावर वाळूत वाढणारा सुरकुतल्या पानांचा रुगोसा, असे एकेक करून त्याने घरात आणले. शेवटचं स्थळ आमच्याच मॅनिटोबा प्रांतातलं, 'बेटी ब्लँड' नावाचा गुलाब, फ्रँक स्किनरने केलेला. त्यातून जे झालं ते १९५०मध्ये 'थेरेझ ब्यून्ये' या नावाने बाहेर आलं. गुलाबी, विस्कटलेल्या पाकळ्यांचं, सुवासिक. हिवाळ्यात फांद्या लाल होतात. काटे जवळजवळ नाहीत. (हे वाचायला छान वाटतं. काटे नाहीत म्हणून बर्फाच्या वरचे शेंडे दरवर्षी ससे कुरतडतात.) ब्यून्ये स्वतः १०१ वर्षं जगले. तेही काटकच.

स्किनर मूळचा स्कॉटलंडचा, १८९५ साली पोरवयात मॅनिटोबात आला. ड्रॉपमोर हे त्याचं गाव विनिपेगच्याही वायव्येला, आणखी गारठ्यात. मला तो माणूस फार आवडतो. जगभरच्या थंड प्रदेशांतून बिया मागवायचा, पेरायचा, आणि हिवाळ्याला निवड करू द्यायचा. लायलॅक, लिली, गुलाब, हनिसकल. 'ड्रॉपमोर स्कार्लेट ट्रम्पेट' नावाचा त्याचा शेंदरी वेल आमच्या गल्लीत तीन घरांवर आहे, आणि त्यावर हमिंगबर्ड येतात.

आणि फेलिसिटास स्वेय्दा. व्हिएन्नाहून आलेल्या या बाईंनी १९६१पासून ओटावाच्या केंद्रीय प्रयोगशेतावर गुलाबांचं काम हाती घेतलं. त्यांची रीत मला कडक गुरूसारखी वाटते. रोपं उघड्यावर ठेवायची, हिवाळ्यात झाकायची नाहीत, औषध मारायचं नाही. जे वसंतात हिरवं दिसेल ते पुढे, बाकीचं कंपोस्टमध्ये. त्यातून उरलेल्यांना नावं मिळाली दर्यावर्दी आणि धाडसी प्रवाशांची: मार्टिन फ्रोबिशर, जॉन कॅबट, विल्यम बॅफिन. ते प्रवासी स्वतः यातल्या किती हिवाळ्यांत टिकले असते कोण जाणे.

या सगळ्या गुलाबांत माझ्या दृष्टीने मोठा गुण वेगळाच आहे. ते बहुतेक स्वतःच्या मुळांवर उभे असतात, छाट कलमाने केलेले. एखाद्या भयंकर हिवाळ्यात वरचं सगळं गेलं, तरी जमिनीतून जे वर येतं ते तेच असतं. खुंट मालक होऊन बसत नाही. लेबलावर भडक फोटो असतो, पण 'स्वमुळावरचं' हे बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. विचारून घ्यावं.

'हंसा' मी निव्वळ नावावरून उचलला. आमच्या एका मावशीचं नाव हंसा. गुलाबाच्या नावाचा तिच्याशी काही संबंध नाही, तो १९०५ साली हॉलंडमध्ये झालेला रुगोसाच्या वंशातला. फुलं जांभळट लाल, वासात लवंगेची झाक. पानं रुगोसाची, आजीच्या हातासारखी सुरकुतलेली. काट्यांनी भरलेला, स्वभावाने आडदांड, आणि कसलीही तक्रार नाही. हेही मावशीसारखंच.

आता माझं वर्ष शेजारच्या बाबांनी शिकवलेल्या वळणाने जातं. जुलैच्या मध्यानंतर नत्रयुक्त खत बंद. ऑगस्टपासून वाळलेली फुलं खुडायची नाहीत, फळं धरू द्यायची. फळ धरलं की झाडाला कळतं, काम झालं. ऑक्टोबरात जमीन गोठण्याआधी एकदा भरपूर पाणी, कारण हिवाळ्यात थंडीइतकंच कोरडेपणही मारतं. सफरचंदाच्या कोवळ्या बुंध्याला पांढरं वेटोळं गुंडाळायचं. फेब्रुवारीतलं तिरपं ऊन दुपारी एका बाजूची साल जागी करतं आणि रात्र तिला फोडते, म्हणून पांढरं. सशासाठीही.

आच्छादनाचं मात्र मी साफ उलटं समजत होते. मला वाटायचं, पाचोळा घालायचा तो ऊब द्यायला, म्हणून लवकर घालावा. बाबा थांबवायच्या. जमीन गोठली की मगच घाल, ती गोठलेलीच राहावी म्हणून. मध्येच वितळली, पुन्हा गोठली की माती फुगते आणि कोवळ्या रोपाला मुळासकट वर ढकलते. झोपमोड सगळ्यात वाईट.

खरं पांघरूण बर्फाचं. उघड्या रस्त्याखाली इथली जमीन दोन मीटरच्याही खाली गोठते, नळ त्याच्या खालून न्यावे लागतात. पण ताज्या बर्फात बहुतेक हवाच असते, कापूस पिंजल्यासारखी. हातभर बर्फाखालच्या मातीला वरच्या उणे ३६ची बातमी कळत नाही. तिथे शून्याखाली थोडे अंश, एवढंच. त्या अंधारात उंदरांचे बोगदे असतात, पिओनी या फुलझाडाचे लाल डोळे असतात. फाटक मोकळं करताना मी बर्फ वाफ्यावर टाकते, पसाभर पसाभर. देवशयनी एकादशीला आपल्याकडे देव चार महिने निजतात. इथे मातीला सहा लागतात, आणि मी तिच्यावर दुलई घालते आहे असं मला खरोखर वाटतं. फावडं जड असतं तरी.

पिओनीवरून आठवलं. दोन वर्षांपूर्वी आम्ही पश्चिमेला गाडीने जात होतो. रस्त्याला लागून एक मोडकं शेतघर, छप्पर बसलेलं, चहूकडे गहू. अंगणाच्या कडेने कॅरागानाचं कुंपण. ते सैबेरियाचं झुडूप, शेतकऱ्यांनी वारा अडवायला लावलेलं. सस्कॅचिवानमधल्या इंडियन हेडच्या सरकारी रोपवाटिकेने १९०१पासून शंभराहून जास्त वर्षं अशी रोपं शेतकऱ्यांना वाटली, सगळी मिळून ६० कोटींच्या वर. उन्हात त्याच्या शेंगा तडतड फुटत होत्या. दाराच्या जागी लायलॅक. आणि गवतात, कुणी न बघता, पिओनीचं एक जुनं बेट. फुलं नुकती गळून गेली होती. पिओनी शंभर वर्षंही जगते, फक्त तिचे डोळे मातीत दोन इंचांपेक्षा खोल पुरायचे नाहीत, नाहीतर पानं देते, फूल देत नाही. म्हणजे ज्या बाईने ती लावली, तिला हे माहीत होतं. कुठून आली असेल ती, युक्रेन, आइसलंड, ओंटारिओ, तिचं नाव सांगायला कुणी उरलेलं नाही. मी गाडीतून उतरले आणि चपला काढल्या. नवरा म्हणाला, गवतात किडे असतील. असतील.

एप्रिलमध्ये बर्फ वितळतो तेव्हा शहर चिखलाचं आणि कुरूप दिसतं. तेव्हा आम्ही एका राखलेल्या जुन्या माळावर जातो. वाळल्या गवतात गुडघे टेकून शोधावं लागतं. प्रेअरी क्रोकस. मॅनिटोबाने १९०६ साली त्याला आपलं फूल म्हणून निवडलं. पान अजून फुटलेलं नसतं, फूल आधी येतं. फिकट जांभळं, अंगभर रुपेरी लव, लोकरी टोपरं घातलेल्या तान्ह्या बाळासारखं. पेला सूर्याकडे वळवतं आणि आत ऊब साठवतं, त्यात माश्या येऊन बसतात. बाबांना आता गुडघे टेकवत नाहीत. त्या काठीवर वाकून उभ्या राहतात आणि पुटपुटतात. काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही.

त्या पिवळ्या गुलाबाच्या खड्ड्यात आता ऱ्हुबार्ब आहे. दसऱ्याला घरचं फूल नसतं. झेंडूसुद्धा दंवाने काळा पडलेला असतो. 'हंसा'ची फळं मात्र तेव्हा पिकलेली असतात, लहान टोमॅटोएवढी, लालभडक. ताम्हनात पाच ठेवते, बाकीची पक्ष्यांसाठी झाडावर राहू देते.